पाळी जाताना आणि गेल्यानंतरची हार्मोन थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री दोन-तीनदा घामाने भिजून उठायचं, सकाळी थकलेल्या अंगाने कामाला लागायचं आणि 'या वयात हे व्हायचंच' म्हणून गप्प राहायचं. असं कित्येक बायका वर्षानुवर्षं करतात. उपचार आहे हे त्यांच्या कानावर आलेलं असतं, पण त्याच्याबरोबर 'त्याने कॅन्सर होतो' हेही आलेलं असतं आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून ही प्रश्नोत्तरं. सगळ्यांनी हार्मोन घ्यावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण घ्यायचे की नाही हे प्रत्येकीने नीट माहिती घेऊन ठरवावं, नुसत्या भीतीपोटी त्रास अंगावर काढू नये, एवढं मात्र मला मनापासून वाटतं.

रजोनिवृत्ती झाली असं नक्की कधी म्हणायचं?

सलग बारा महिने पाळी आली नाही की. बहुतेकींच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडतं. मात्र त्याच्या आधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी दोन महिने येत नाही, कधी पंधरा दिवसांतच येते, आणि आली की थांबत नाही. या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीबीजकोषात तयार होणारं मुख्य स्त्री-हार्मोन, एका संथ उताराने कमी होत नाही. ते वर-खाली हेलकावत राहतं, त्यामुळे कधीकधी सर्वांत जास्त त्रास याच दिवसांत होतो. 'आधी पाळी पूर्ण बंद होऊ दे, मग बघू' असं म्हणून थांबायची गरज नाही. पाळी येत असतानाही थेरपी सुरू करता येते.

त्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागते का?

वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणं स्पष्ट असतील तर सहसा नाही. एफएसएच नावाच्या हार्मोनची तपासणी अनेकदा लिहून दिली जाते, पण या वयात ते आज वाढलेलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खाली आलेलं सापडू शकतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. थायरॉइड मात्र तपासून घेणं चांगलं, कारण धडधड, घाम, चिडचिड, थकवा हे सगळं त्यानेही होतं. पाळी ४५ च्या आत, आणि त्यातही ४० च्या आत गेली असेल, तर तपासण्या व्हायलाच हव्यात.

अंगातून वाफा येतात तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहान भाग असतो. शरीराचं तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणं हे त्याचं काम. तिथल्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेन आवर घालत असतं. इस्ट्रोजेन घटलं की त्या पेशी जास्त सक्रिय होतात आणि मेंदूला चालणारी तापमानाची मर्यादा अगदी अरुंद होते. अंगात किंचित उष्णता वाढली तरी 'शरीर तापलंय' असा निरोप जातो. छातीतून मान आणि चेहऱ्याकडे उष्णतेची लाट चढते, त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो, आणि दोन-चार मिनिटांत तोच घाम सुकताना हुडहुडी भरते. हा मनाचा खेळ नाही. वर्ष-सहा महिन्यांत सगळं आपोआप थांबतं हाही समज खरा नाही. वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ टिकतो, असं अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं.

या थेरपीत नेमकं काय देतात?

मुख्य औषध म्हणजे इस्ट्रोजेन. वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड यांवर त्याच्याइतकं परिणामकारक दुसरं काहीही नाही. वाफांचं प्रमाण त्याने साधारण तीन-चतुर्थांश कमी होतं.

गर्भाशय असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन किंवा त्याच्यासारखं काम करणारं औषध (या सगळ्यांना मिळून प्रोजेस्टोजेन म्हणतात) द्यावंच लागतं. एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत एके काळी बायकांना नुसतं इस्ट्रोजेन सर्रास दिलं जायचं, आणि १९७५ मध्ये हा धोका पुराव्यानिशी समोर आला. प्रोजेस्टेरॉनची जोड तेव्हापासून रूढ झाली. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गर्भाशय असताना दोन औषधं लिहून दिली असतील, तर 'एकाने बरं वाटतंय' म्हणून दुसरं स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरं इस्ट्रोजेनने वाटतं. प्रोजेस्टेरॉनचं काम जाणवत नाही, पण ते चालू असतं.

माझी पिशवी काढलेली आहे. मला दोन्ही लागतील का?

सहसा नाही, एकटं इस्ट्रोजेन पुरतं. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) जास्त प्रमाणात होता म्हणून ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. पिशवीबरोबर स्त्रीबीजकोषही काढले होते का, हे कितीतरी बायकांना माहीतच नसतं आणि उपचार ठरवताना नेमकी तीच माहिती लागते.

गोळी, पॅच आणि जेल यांत फरक काय? कोणतं चांगलं?

पोटातून घेतलेली गोळी आधी यकृतात जाते. तिथे इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठवणारे काही घटक वाढतात, आणि म्हणून गोळीने रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढतो. पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन त्वचेतून थेट रक्तात उतरतं. नेहमीच्या मात्रेत दिलं तर त्याने गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल, सिगारेट ओढायची सवय असेल, अर्धशिशी असेल, रक्तदाब किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं असेल, तर मी आधी त्वचेवाटे द्यायच्या औषधाचाच विचार करेन. तब्येत ठणठणीत असेल आणि पॅच चिकटवत बसायचा कंटाळा असेल तर गोळीही चालते.

पॅच कमरेच्या खाली लावायचा: नितंबावर, मांडीच्या वरच्या भागात किंवा ओटीपोटाच्या बाजूला. स्तनांवर कधीही नाही. त्वचा कोरडी हवी, तेल-क्रीम लावलेली नको. लावल्यावर तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे कडा सुटत नाहीत. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलतात, आणि दर वेळी जागा बदलायची, नाहीतर तिथे खाज सुटते. जेल दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं आणि लगेच हात धुवायचे. त्या जागेला तासभर तरी लहान मुलांचा स्पर्श होऊ देऊ नका, औषध त्यांच्या त्वचेतूनही शरीरात जाऊ शकतं.

प्रोजेस्टेरॉनमध्ये मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सध्या अनेक डॉक्टर आधी निवडतात. तिने गुंगी येते, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची. झोप उडालेल्या बाईला याचा फायदाच होतो. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, तेव्हा त्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. कॅप्सूल नको असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली कॉपर-टीसारखी हार्मोनची आययूडी गर्भाशयात बसवता येते. तिने अस्तराचं रक्षण होतं, आणि पाळी येत असेल तर जादा रक्तस्रावही आटोक्यात येतो.

पण याने स्तनाचा कॅन्सर होतो ना?

या भीतीचा उगम समजून घेतल्याशिवाय उत्तर पटणार नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधी थांबवला गेला. त्यात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका होत्या. निम्म्या बायकांना इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) यांची एकत्र गोळी आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या, आणि डॉक्टरांनीही त्या लिहिणं सोडलं.

आता तोच आकडा वेगळ्या तऱ्हेने बघा. औषध न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. धोका खरा आहे, तो लपवू नये, पण त्याचा आकार एवढा आहे. दुसरं म्हणजे, या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी हैराण होऊन डॉक्टरांकडे येणारी बाई बहुधा पन्नाशीच्या आसपासची असते. साठी ओलांडलेल्या, बहुतेक त्रास मागे पडलेल्या बायकांवरचे निष्कर्ष सरसकट तिला लावले गेले, यात माझ्या मते एका अख्ख्या पिढीचं नुकसान झालं.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांना एकटं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट पुढच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात तो कमीच आढळला. वाढीव धोका मुख्यतः इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन एकत्र घेण्याशी जोडलेला आहे, आणि किती वर्षं घेता त्यानुसार तो हळूहळू वाढतो. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनबरोबर हा धोका कमी असावा असं निरीक्षणांवर आधारित अभ्यासांतून दिसतं.

तुलनेसाठी ब्रिटनमध्ये रुग्णांना समजावून सांगताना वापरले जाणारे आकडे देते. ५० ते ५९ वयाच्या १,००० बायकांमध्ये पाच वर्षांत साधारण २३ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो. एकत्रित हार्मोन घेतल्याने त्यात ४ची भर पडते, रोज दारू घेतल्याने ५ची, आणि लठ्ठपणामुळे २४ची. आठवड्याला अडीच तास व्यायाम केला तर ७ कमी होतात. लठ्ठपणाचा आकडा पुन्हा एकदा वाचा. हार्मोनच्या नावाने जेवढी धास्ती बसली आहे, तेवढी त्याच्याविषयी कधी बसलीच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, हा इशारा मात्र कायम ठेवला. थेरपी चालू असो वा नसो, वयानुसार मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) करत राहायचीच.

हृदयविकार आणि पक्षाघाताचं काय?

वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर तब्येतीने धडधाकट बाईच्या बाबतीत फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. त्यानंतर हे गणित बदलतं. वयानुसार रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साठलेले असतात, आणि अशा वेळी नव्याने गोळी सुरू केली तर हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणूनच निव्वळ हृदय सांभाळायला किंवा स्मरणशक्ती टिकवायला हे औषध देत नाहीत.

मी ६४ वर्षांची आहे. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. आता सुरू करू का?

पोटातून घ्यायची गोळी नव्याने सुरू करू नये, असंच मी सांगेन. त्रास फार असेल तर कमी मात्रेच्या पॅचचा विचार तज्ज्ञ डॉक्टर करू शकतात, पण त्याआधी हृदय, रक्तदाब, साखर हे सगळं तपासलेलं हवं. योनीमार्गाच्या कोरडेपणासाठीचं औषध या वयातही बिनधास्त सुरू करता येतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हे कुणी घेऊ नये?

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी असेल, यकृताचा आजार चालू असेल, तर सहसा देत नाहीत. अंगावरून रक्त जातंय आणि त्याचं कारण अजून सापडलेलं नाही, अशा वेळी आधी कारण शोधायचं. आईला किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता म्हणून दार लगेच बंद होतं असं नाही, पण ती माहिती डॉक्टरांना द्याच. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात असतील तर ते आड येत नाहीत.

माझी पाळी ३७ व्या वर्षीच गेली. मला काही त्रास नाही. तरी औषध घ्यायचं?

हो, आणि याबाबत मी ठाम आहे. ४० च्या आत पाळी गेली, मग ती आपोआप असो, केमोथेरपीने असो किंवा स्त्रीबीजकोष काढल्यामुळे असो, तर शरीराला जे इस्ट्रोजेन आणखी दहा-पंधरा वर्षं मिळायचं ते अचानक थांबतं. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. विरोधात जाणारं कारण नसेल, म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर वगैरे झालेला नसेल, तर साधारण ५०-५१ वर्षांपर्यंत औषध घ्यावं, असं जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगतात. २००२ च्या अभ्यासातले धोक्याचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. जे शरीरात असायला हवं होतं तेच इथे भरून काढलं जातं. 'एवढ्या लहान वयात हार्मोन कशाला' असं म्हणून तुम्हाला परत पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अशा बायकांमध्ये क्वचित बीजकोष मध्येच काम करू लागतात आणि गर्भ राहू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

मला वाफा येत नाहीत. फक्त कोरडेपणा आहे, संबंध ठेवताना दुखतं आणि लघवीला सारखी जळजळ होते.

ही तक्रार बायका सर्वांत उशिरा सांगतात. कित्येकदा तपासणी आटोपून, उठता उठता, नजर चुकवत. संकोचाने गप्प राहू नका, कारण यावर सोपा आणि अतिशय सुरक्षित उपाय आहे. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, तिथले उपयोगी जिवाणू घटतात, आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा त्रास मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो.

योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा तिथे ठेवायची छोटी गोळी मिळते. सुरुवातीला दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. त्याचा रक्तात जाणारा अंश इतका अल्प असतो की गर्भाशय असलं तरी प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे, कधी तीन महिने लागतात. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नका. बंद केल्यावर त्रास परततो, त्यामुळे हे वर्षानुवर्षं वापरायचं औषध आहे. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने मात्र आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं.

वजन वाढेल का?

नाही. या वयात वजन वाढतं आणि चरबी पोटावर साठू लागते, पण ती औषध न घेणाऱ्यांचीही साठते.

औषध चालू असताना गर्भ राहणार नाही ना?

राहू शकतो. ही गर्भनिरोधक गोळी नव्हे. शेवटची पाळी ५० च्या आधी येऊन गेली असेल तर पुढे दोन वर्षं, ५० नंतर असेल तर एक वर्ष, गर्भनिरोधन चालू ठेवावं.

सुरू केल्यावर काय काय होऊ शकतं?

स्तन भरल्यासारखे वाटणं, मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणं. दोन-तीन महिन्यांत बहुतेक वेळा कमी होतं, नाहीतर मात्रा किंवा प्रकार बदलून बघतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत थोडं रक्त अंगावरून जाऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही जात असेल, फार जात असेल, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघावीच लागते. आणि औषध घेत नसलेल्या बाईला पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्ताचा डाग दिसला, तरी तिने तपासणीला जावं. एका पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं यांपैकी काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

चिडचिड, रडू येणं, विसरायला होणं, हे यानेच होतं का?

पाळी जाण्याच्या काळात हे होतं आणि झोप सुधारली की पुष्कळदा निवळतं. इस्ट्रोजेनचा इथे चांगला उपयोग होतो. पण खरोखरीचं नैराश्य असेल, जगण्यातला रस गेला असेल, तर त्यावर स्वतंत्र उपचार हवा. सगळं हार्मोनच्या माथी मारून तो लांबवू नये.

हाडांसाठी घ्यावं का?

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, आणि इस्ट्रोजेन ती रोखतं. २००२ च्या त्याच अभ्यासात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पन्नाशीतल्या बाईला वाफांचा त्रासही आहे आणि हाडंही कमकुवत आहेत, तर एका औषधात दोन्ही कामं होतात. औषध थांबवलं की हा फायदा ओसरतो.

मला हार्मोन नको आहेत, किंवा चालत नाहीत. मग?

पर्याय आहेत. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिनसारख्या मानसोपचारातल्या गोळ्या कमी मात्रेत वाफा कमी करतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळायचं, ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं. रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन देतात. हायपोथॅलॅमसमधल्या ज्या पेशींबद्दल वर लिहिलं, त्यांच्यावरच काम करणारं फेझोलिनेटंट हे हार्मोनविरहित औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते घेताना यकृताच्या तपासण्या लागतात. विचार आणि सवयींवर काम करणाऱ्या सीबीटी या समुपदेशनाचाही झोप आणि वाफांच्या त्रासावर उपयोग दिसला आहे. सोयाबीनचे अर्क, वनस्पतींच्या गोळ्या यांचे पुरावे कच्चे आहेत.

'नैसर्गिक' किंवा 'बायोआयडेंटिकल' हार्मोन जास्त सुरक्षित असतात का?

शरीरातल्या हार्मोनसारखीच रचना असलेलं इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन ही नेहमीच्या मंजूर औषधांतच मिळतात. त्याच नावाखाली लाळ तपासून 'खास तुमच्यासाठी' बनवून देतात त्या मिश्रणांपासून दूर राहा. त्यांतल्या मात्रेची खात्री नसते आणि अस्तराचं रक्षण पुरेसं होतं की नाही हे कळत नाही.

किती वर्षं घेता येतं? आणि थांबवायचं कसं?

पाच वर्षं झाली की बंदच, असा नियम नाही. दर वर्षी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, वजन, मॅमोग्राफी, नवा एखादा आजार हे बघून पुढचं ठरवायचं. काही जणींना तीन-चार वर्षं पुरतात, काहींना साठीतही वाफा सोडत नाहीत. त्यांना कमीत कमी पुरेशा मात्रेत, शक्यतो त्वचेवाटे, चालू ठेवता येतं. थांबवताना मात्रा दोन-तीन महिन्यांत उतरवत नेतात. एकदम बंद केल्याने इजा होत नाही, पण वाफा जोराने परत येऊ शकतात. हळूहळू उतरवतानाही त्या काही आठवडे येतात. दोन-तीन महिने वाट बघावी, आणि तरीही दिवस काढणं कठीण झालं तर पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.